प्रमाणात नसलेला नकाशा

घराची वास्तुशांत असो की मुलीचं लग्न, आमच्या पिढीच्या पत्रिकेला दोन बाजू असत. पुढच्या बाजूला गणपती, कुलदेवता आणि निमंत्रकांची नावं. मागच्या बाजूला नकाशा. दोन समांतर रेघा म्हणजे रस्ता, गोल म्हणजे सर्कल, चौकोनावर कळस म्हणजे मंदिर आणि शेवटी बाण काढून लिहिलेलं ‘नियोजित स्थळ’. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक सूचना असे: नकाशा प्रमाणात नाही. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग काढायला होतो. त्यामुळे सिडकोतल्या आमच्या गल्लीतल्या अशा बहुतेक नकाशांच्या रेघा माझ्याच पेनातून उतरल्या.

त्या नकाशाची एक बैठक असायची. ज्यांच्या घरी कार्य, ते संध्याकाळी ट्रेसिंग पेपरचा तुकडा घेऊन यायचे, बरोबर शेजारचे दोघं-तिघं. चहा व्हायचा आणि मग खरा प्रश्न निघायचा: पाहुणा येणार कुठून? येवल्या-निफाडकडचा असेल तर सीबीएसवर म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर उतरणार, मुंबईचा असेल तर पाथर्डी फाट्यावर. खानदेशातले मामा द्वारका चौकातच उतरतात आणि कुणाचं ऐकत नाहीत. म्हणजे तीन टोकं झाली. ती आधी कागदाच्या तीन कडांना मांडायची आणि तिथून आतल्या बाजूला यायचं. मग वाद. मंदिर दाखवायचं की दूध डेअरी? डेअरी दुपारी बंद असते, मंदिर उघडं असतं, पण मंदिरं एकाच रस्त्यावर दोन आहेत. कोणता चौक ठेवायचा आणि कोणता गाळायचा, यावर तासभर जायचा. जो चौक ठेवला तिथे पाहुण्याला वळायचं आहे. जो गाळला तिथून त्याला नुसतं पुढे जायचं आहे. पत्रिकेच्या मागच्या तळहाताएवढ्या जागेत त्याहून जास्त काही मावत नसे, आणि त्याहून जास्त काही लागतही नसे.

आता पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि तिच्याखाली लोकेशन येतं. एक लाल टाचणी. तिला बोट लावलं की फोन बोलायला लागतो आणि पाहुणा थेट मांडवाच्या दारात उतरतो. पाहुण्याच्या दृष्टीनं हे शंभरपटीनं चांगलं आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. माझ्या नकाशांनी किती माणसं चुकली, किती जण अक्षता पडून गेल्यावर पोचले, ते मला माहीत आहे. एका लग्नात नवरदेवाचे सख्खे काका जेवणाच्या शेवटच्या पंगतीला आले, कारण मी ज्या खुणेपाशी वळायला सांगितलं होतं ते दुकान आठवड्यापूर्वीच पाडलं होतं. तरीही ती बैठक गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. टाचणी पाठवायला एक बोट पुरतं. नकाशा काढायला चार माणसं लागायची, आणि त्या चौघांना तासभर आपलं शहर डोळ्यांसमोर धरून बसावं लागायचं.

कारखान्यात माझं काम दिवसभर तेच होतं, फक्त माणसांऐवजी वीज कुठून कुठे जाते ते दाखवायचं. त्या ड्रॉइंगला सिंगल लाइन डायग्राम म्हणतात. इनकमर कुठे, बसबार कुठे, ब्रेकर कुठला आणि त्यातून निघालेली लाइन कोणत्या मोटरला जाते, एवढंच त्यात असतं. केबल प्रत्यक्षात भिंतीवरून वळसा घेते की जमिनीखालून जाते, पाच फूट आहे की पाचशे, याच्याशी त्या रेघेला देणंघेणं नसतं. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, रॉट्रिंग पेन आणि ट्रेसिंगवरून छाप काढणाऱ्या अमोनिया प्रिंटचा डोळे चुरचुरवणारा वास, अशी आमची खोली होती. दोन रेघा एकमेकींना कापत असतील आणि तिथे त्या जोडलेल्या असतील, तर छेदावर ठळक ठिपका द्यायचा. जोडलेल्या नसतील, तर एका रेघेला दुसरीवरून छोटी कमान करून उडी मारायला लावायची. ठिपका विसरला तर पॅनेल चुकलं. आमच्या साहेबांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेलं हे वाक्य मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येईल.

फार उशिरा कळलं की जगातला सर्वांत प्रसिद्ध शहरी नकाशा अशाच एका माणसानं काढला आहे. हॅरी बेक लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात ड्रॉइंग काढायचा. १९३१ साली त्यानं त्या रेल्वेचा नकाशा काढला: सगळ्या रेघा आडव्या, उभ्या किंवा पंचेचाळीस अंशांत, आणि स्टेशनं जवळजवळ सारख्या अंतरावर. आधी तो नाकारला गेला, १९३३ साली छापला गेला आणि मग लोकांनी तो उचलून धरला. भुयारातल्या माणसाला वर कोणती गल्ली आहे याची गरज नसते; पुढचं स्टेशन कोणतं आणि गाडी कुठे बदलायची एवढंच त्याला हवं असतं. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १७३६ साली, ऑयलर नावाच्या गणितज्ञानं कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं सोडवताना हेच केलं होतं. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का, असा प्रश्न होता. त्यानं अंतरं सोडली, दिशा सोडल्या, फक्त कोणता भाग कोणत्या भागाला जोडला आहे ते ठेवलं आणि असं फिरता येणार नाही हे सिद्ध केलं. टोपॉलॉजी नावाच्या शास्त्राची ही पहिली पावलं मानतात. आम्ही पत्रिकेच्या मागे तेच करत होतो आणि आम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं.

नाशिकची तर नावंच अशा नकाशासाठी ठेवल्यासारखी आहेत. मुंबई नाका, त्र्यंबक नाका, गंगापूर नाका, पेठ नाका, दिंडोरी नाका. नाक्याचं नाव तो कुठे आहे हे सांगत नाही, तिथून रस्ता कुठे जातो ते सांगतं. नवा माणूस मुंबई नाक्यावर उभा राहिला की मुंबईचा रस्ता त्याला सापडलेलाच असायचा. आमच्या बाजूची बरीचशी नावं कारखान्यांनी दिली. गरवारे पॉइंट, एक्सलो पॉइंट, सातपूरच्या वाटेवर पपया नर्सरी आणि शहराकडे मायको सर्कल. मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, सर्कल मात्र मायकोच राहिलं. १९८२ साली महानगरपालिका झाली, तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर ही वेगवेगळी गावं आणि भोवतालची खेडी कागदावर एक झाली. पण आमच्या डोक्यात ती एक झाली ती या ठिपक्यांनी आणि त्यांच्यामधल्या रेघांनी.

त्या रेघा आम्ही पाठ केल्या नव्हत्या. त्या कानांवर पडून बसल्या. संध्याकाळी सीबीएसच्या बाहेर रिक्षावाला ओरडायचा: मायको, उंटवाडी, त्रिमूर्ती, पवननगर, उत्तमनगर! ओरडण्याचा क्रम कधी बदलत नसे, कारण रस्त्याचा क्रमच तो होता. एसटीच्या शहर बसमध्ये कंडक्टर तिकिटाला भोक पाडता पाडता पुढचा थांबा पुकारायचा आणि दाराजवळची माणसं तोच थांबा मागे पोचवायची. पहिल्या पाळीला सायकलींची रांग पपया नर्सरीकडून एक्सलो पॉइंटकडे वाहायची आणि प्रत्येक फाट्यावर थोडी थोडी आत गळत जायची. अंतर किती, असं विचारलं तर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नसे. ‘दोन चौक सोडून,’ असं सांगायचे.

आज शहर बस महापालिकेची आहे. २०२१ च्या जुलैमध्ये सिटीलिंक सुरू झाली, तिकीट यंत्रातून येतं, बस कुठवर आली ते मोबाइलवर दिसतं. जुन्या बसची वाट बघत भर उन्हात तासभर उभं राहिलेल्या माणसाला याचं मोल विचारा. रिक्षाही आता मोबाइलवर बोलावता येते आणि चालकाला मार्ग ठाऊक असण्याची गरज उरलेली नाही. तोही स्क्रीनकडे बघतो, मागे बसलेला प्रवासीही स्क्रीनकडे बघतो. दोघांपैकी कुणाच्याही तोंडून वाटेतल्या एकाही चौकाचं नाव निघत नाही.

पूर्वी मुंबई-आग्रा महामार्ग आमच्या वस्तीला चिकटून, जमिनीवरून जायचा. अलीकडे सिडको, पलीकडे इंदिरानगर आणि मधून ट्रक. पलीकडच्या नातेवाइकांकडे जायचं म्हणजे लेकरांचे हात घट्ट धरून उभं राहायचं आणि मोकळी जागा दिसली की पळायचं. त्या ओलांडण्यात किती जीव गेले ते महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या घरांना विचारावं. तो रस्ता पुन्हा तसा व्हावा, असं कुणीही म्हणणार नाही. २०१३ मध्ये त्यावर उड्डाणपूल झाला. गरवारे पॉइंटकडून चढायचं आणि थेट के. के. वाघ कॉलेजाकडे उतरायचं. माझ्या जुन्या भाषेत सांगायचं तर छेदावरचे ठिपके पुसले गेले आणि त्यांच्या जागी कमान आली. वरची रेघ खालच्या कोणत्याच रेघेला आता शिवत नाही. धुळ्याला निघालेल्या माणसासाठी आमचं अख्खं शहर म्हणजे पुलाचा कठडा आणि दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या पाण्याच्या टाक्या. खाली मात्र इंदिरानगरच्या बोगद्यात संध्याकाळी गाड्या अडकतात, कारण खालच्या लोकांसाठी दोन्ही बाजू जोडणारे ठिपके मोजकेच उरले आहेत. अंतर तेच आहे, जोडणी बदलली. मोबाइलच्या नकाशावर हे कळत नाही; तिथे पूल आणि बोगदा नुसत्या दोन पट्ट्या असतात.

आणि आता मी त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. तेव्हाच्या कोणत्याही पत्त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे. ‘त्रिमूर्ती चौकातून सरळ, पवननगरचा थांबा सोडा, पुढच्या चौकात डावीकडे वळा, आणि तिथे गेल्यावर कुणालाही विचारा.’ नकाशा जिथे संपायचा तिथून पुढचं काम माणसाकडे सोपवलेलं असायचं. सिडकोनं इथे सहा योजनांमध्ये घरं बांधली. एकसारखी घरं, एकसारख्या गल्ल्या आणि पत्ता म्हणजे एन-पासून सुरू होणारी इंग्रजी अक्षरं आणि आकडे. त्या आकड्यांचा क्रम बाहेरच्या माणसाला लागणं अशक्यच. म्हणून कोपऱ्यावरचा टपरीवाला, इस्त्रीवाला, गिरणीवाला हे आमच्या नकाशाचे शेवटचे ठिपके होते. ते नुसती वाट सांगत नसत. ‘त्यांच्याकडे का? ते गावाला गेलेत, परवा येतील,’ असंही सांगत. औद्योगिक वसाहतीत नेमणुकीचं पत्र घेऊन धुळ्या-जळगावहून आलेल्या पोराला गेटवरचा वॉचमन काठीनं धुळीत रेघा ओढून दाखवायचा: हा एक्सलो पॉइंट, हा तू, ही तुझी कंपनी. ती रेघ संध्याकाळच्या वाऱ्यानं पुसून जायची, पण त्या पोराच्या डोक्यातून जायची नाही. मीही असाच एका सकाळी आलो होतो, म्हणून सांगतो.

हे सांगताना माझा मलाच संशय येतो. ‘कुणालाही विचारा’ हे सोपं कुणासाठी होतं? माझ्यासारख्या पुरुषासाठी, दिवसा. माझ्या पत्नीला अंधार पडल्यावर अनोळखी चौकात उभं राहून टपरीवरच्या घोळक्याला वाट विचारता येत नसे. ती आधीच्या थांब्यावर उतरून चालत यायची, कारण तो रस्ता तिला माहीत होता. तिच्या नकाशात माझ्यापेक्षा कितीतरी कमी ठिपके होते आणि त्याचं कारण नकाशात नव्हतं, आमच्यात होतं. आज माझी मुलगी रात्रीच्या पाळीला स्कूटरवर जाते, फोन समोर अडकवलेला असतो, आणि तिला वाट विचारण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी मोबाइलच्या नकाशाला हात जोडतो.

दुसरी आठवण याहून कठीण आहे. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका आजोबांना रात्री छातीत दुखायला लागलं. कोपऱ्यावरच्या घरातून फोन केला, रुग्णवाहिका निघालीही वेळेवर. पण ती एकसारख्या गल्ल्यांमध्ये फिरत राहिली. रात्री दोन वाजता कोपऱ्यावर टपरीवाला नसतो, इस्त्रीवाला नसतो. आम्ही पोरं टॉर्च घेऊन तीन चौकांत उभी राहिलो आणि ती चौथ्याच चौकातून आली. आजोबा गेले. त्या रात्री एक लाल टाचणी असती तर कदाचित वाचले असते. जुन्या दिवसांचं कौतुक मनात फार दाटायला लागलं की मी त्या टॉर्च आठवतो.

तरीही आजचं एक दृश्य मला सोडत नाही. माझा नातू नववीत आहे. सिडकोतून गंगापूर रोडला क्लासला जातो, रोज, दोन वर्षं झाली. एकदा त्याला सहज विचारलं, वाटेत नदी कुठे लागते? तो म्हणाला, नदी लागतच नाही. उंटवाडीला तो रोज नंदिनी ओलांडतो. आम्ही तिला नासर्डी म्हणायचो. त्याला पत्ता द्या, तो नाशिकमध्ये कुठेही पोचेल, माझ्याआधी पोचेल. पण सातपूर अंबडला कुठून जोडलेलं आहे, असं विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नाही. त्याला निळी रेघ माहीत आहे, आणि ती रेघ पोचल्यावर मिटते. आम्ही चुकत होतो, म्हणून आम्हाला शहर कळत होतं. तो चुकत नाही, आणि शहर त्याला लागत नाही.

शहर लागतं कधी, ते गोदावरीला पूर आला की कळतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढलं तेव्हा रामकुंडाकडचे खालचे पूल पाण्याखाली गेले. अशा वेळी नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून पुराची उंची सांगतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. अंतरं एका इंचानंही बदललेली नसतात, पण पंचवटी मेनरोडपासून तुटते. त्या दिवशी आमच्या कारखान्यातले पंचवटीचे लोक घरी कसे जाणार, हे जेवणाच्या सुट्टीत चार जुन्या माणसांनी तोंडातोंडी ठरवलं. हा पूल गेला, तो राहिला, द्वारकेवरून वर चढा, मग आडगावच्या बाजूनं मागे या. कागद घेतला नाही, मोबाइल उघडला नाही. प्रत्येकाच्या डोक्यात अख्खा सिंगल लाइन डायग्राम होता, त्यातल्या कोणत्या ब्रेकरनं काम सोडलंय एवढंच त्यांनी एकमेकांना सांगितलं. तरुण पोरं ऐकत उभी होती. त्यांचे फोन त्या वेळी बंद पुलावरूनच रेघ दाखवत होते.

या शहराच्या नशिबात एक नकाशा असाही आला, जो नुसता नकाशाच राहिला आहे. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. टायरवर धावणारी मेट्रो, गंगापूर ते नाशिकरोड एक मार्ग आणि गंगापूर ते मुंबई नाका दुसरा. त्याचा आराखडा वर्तमानपत्रात छापून आला तेव्हा मी तो कात्रीनं कापून ठेवला. रंगीत सरळ रेघा, सारख्या अंतरावर स्टेशनांचे ठिपके, अगदी बेकच्या घराण्यातला. तो पाहताना पहिल्यांदाच आमचं नाशिक मला बाहेरच्या माणसाच्या नजरेनं दिसलं: मोठं, नीटनेटकं, एका दमात समजणारं. मेट्रो झालेली नाही. कात्रण पिवळं पडलंय. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होताहेत, नवे पूल होताहेत आणि पोलीस पुन्हा एकदा कोणता रस्ता एकेरी, वाहनतळ कुठे, भाविकानं कुठून चालायचं याच्या रेघा ओढतील. लाखो परक्या माणसांना त्या आठ-दहा ठिपक्यांवर विसंबून घाटापर्यंत जायचं आहे. तेव्हा नाशिककराला विचारलं तर त्याला सांगता यायला हवं.

तुमच्या घरात शाळेत जाणारं मूल असेल तर या रविवारी त्याला एक कोरा कागद आणि पेन्सिल द्या. मोजपट्टी देऊ नका, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला सांगा: फक्त चौक, नाके, पूल आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. रेघ वाकडी आली तरी चालेल, लांब-आखूड झाली तरी चालेल. जिथे दोन रस्ते खरंच मिळतात तिथे ठिपका मात्र द्यायला लावा. मधल्या एखाद्या चौकाचं नाव त्याला आठवणार नाही. तुम्हालाही आठवलं नाही, तर त्याला घेऊन त्या चौकात जा आणि तिथे गेल्यावर कुणालाही विचारा.